मेजर राम राघोबा राणे : रस्ता मोकळा करणारा परमवीर

मेजर राम राघोबा राणे यांना परमवीरचक्र मिळाले ते रस्ता केल्याबद्दल. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील पाच परमवीरांपैकी तिघांना हा सन्मान मरणोत्तर मिळाला. तो स्वतःच्या हाती घेणारे दोघेच, लान्सनायक करमसिंग आणि राणे. त्यामुळे राण्यांच्या बाबतीत युद्धानंतरचे आयुष्यही आहे. संसार आहे, निवृत्ती आहे आणि पुण्यातले म्हातारपण आहे.

राण्यांचा जन्म २६ जून १९१८ चा, मूळ गाव कारवारजवळचे चेंडिये. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. वडील पोलीस खात्यात शिपाई. त्यांच्या बदल्यांमागे मुलाच्या शाळाही बदलत राहिल्या आणि शिक्षण तुकड्यातुकड्यांनी झाले. १० जुलै १९४० रोजी, बावीस वर्षांचे असताना, ते सैन्यात भरती झाले. त्यांना मिळालेले दल ‘बाँबे सॅपर्स’, म्हणजे खडकीला मुख्य ठाणे असलेला बॉम्बे इंजिनीअर ग्रुप. पूल बांधणे, पूल उडवणे, सुरुंग पेरणे आणि शत्रूने पेरलेले उचलणे हे सॅपरचे काम. पायदळाच्या पुढे जावे लागते आणि हातात बंदुकीबरोबर फावडेही असते. रंगरुटांच्या तुकडीत राणे सर्वोत्तम ठरले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील आराकान आघाडीवर ते जपान्यांविरुद्ध लढले, शिपायापासून एकेक पायरी चढत जमादार झाले आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी सेकंड लेफ्टनंट झाले.

चारच महिन्यांनी राजौरीची मोहीम सुरू झाली. गाव हल्लेखोरांच्या ताब्यात होते आणि नौशेरा ते राजौरी हा डोंगरातला रस्ता त्यांनी जागोजाग उखडून, झाडे आडवी टाकून आणि सुरुंग पेरून बंद केला होता. माळशेज घाटात दरड कोसळली की पलीकडची दुनिया कशी तुटते, हे मुरबाड-शहापूरकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. इथे दरडीवर मशीनगनही रोखलेली होती. रणगाडे पुढे गेल्याशिवाय राजौरी सुटणार नव्हती आणि रस्ता झाल्याशिवाय रणगाडे हलणार नव्हते. ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची एक तुकडी घेऊन राणे चौथ्या डोग्रा पलटणीबरोबर निघाले.

८ एप्रिल १९४८ रोजी काम सुरू करण्याच्या तयारीत असतानाच उखळी तोफांचा मारा झाला. दोन सॅपर ठार, पाच जखमी. जखमींत स्वतः राणे. तरीही त्यांनी माणसे पुन्हा जुळवली. दुपारी साडेचारच्या सुमारास डोग्रांनी बरवाली कडा जिंकला, त्यानंतर रात्री दहापर्यंत राणे रणगाड्यांसाठी वळणरस्ता खोदत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा सुरुवात, तीन वाजता वळणरस्ता तयार. मग ताफ्याच्या अगदी पुढच्या गाडीत ते बसले. अर्ध्या मैलावर पाइनची झाडे आडवी. ती सुरुंगाने उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पुढे मोरी उडवलेली. संधिप्रकाशात पाच मोठ्या झाडांचा, भोवती सुरुंग पेरलेला अडथळा आला, तेव्हा राणे थांबायला तयार नव्हते. ताफ्याच्या प्रमुखाने त्यांना थांबवले.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला काम सुरू आणि साडेसहाला तो अडथळा दूर. पुढचा हजार यार्डांचा ढासळलेला, गोळ्यांच्या टप्प्यातला पट्टा साडेदहापर्यंत मोकळा झाला. रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरून दुपारी दोनला चिंगसला पोहोचले. हे तेच चिंगस, जिथे मोगलांची जुनी सराई आहे आणि काश्मीरहून परतताना वारलेल्या जहांगीरची आतडी पुरली असे सांगतात. रणगाडे पोहोचले म्हणजे मोहीम भागली असे नव्हते. मागून रसद आणणाऱ्या गाड्यांना रस्ता लागणारच होता. म्हणून राणे रात्री नऊपर्यंत अन्न आणि विश्रांतीशिवाय खपत राहिले आणि ११ एप्रिलला सकाळी अकरा वाजता त्यांनी चिंगसपर्यंतचा रस्ता खुला केला. त्या रात्रीही दहापर्यंत पुढचे काम चालूच होते. मग राजौरी भारतीय सैन्याच्या हाती आली.

राणे रणगाड्याखाली सरपटत, दोरी ओढून चालकाला इशारे देत सुरुंग काढत गेले, ही कथा बरीच सांगितली जाते. अधिकृत मानपत्रात ती नाही आणि तिची गरजही नाही. मानपत्र जवळजवळ कामाच्या हजेरीबुकासारखे वाचते: किती वाजता काम धरले, किती वाजता संपवले. चार दिवस रोज पहाटे उठून त्याच गोळीबारात तेच काम पुन्हा हाती घेणे हे एका क्षणाच्या उसळत्या धाडसापेक्षा अवघड म्हणावे लागेल.

परमवीरचक्र २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले. पदकाचे रेखाटन सावित्रीबाई खानोलकरांचे. युरोपात जन्मून मराठी सेनाधिकाऱ्याशी लग्न केलेल्या या बाईंनी त्यावर इंद्राचे वज्र योजले. राण्यांचा सन्मान त्याच वर्षी २१ जूनला राजपत्रात जाहीर झाला.

लग्न मात्र उशिरा झाले. १९५४ मध्ये रजेवर गावी आले असताना त्यांची लीलाबाईंशी ओळख झाली; ३ फेब्रुवारी १९५५ रोजी लग्न झाले, तेव्हा राणे छत्तीस वर्षांचे होते. सासरी लीलाबाईंचे नाव राजेश्वरी झाले. या जोडप्याला चार मुले झाली. फौजेतल्या संसाराची घडी वेगळीच असते: फील्ड पोस्टिंगला कुटुंब नेता येत नाही, शांततेच्या ठाण्यावर बिऱ्हाड जमते आणि बदलीचा हुकूम आला की पुन्हा ट्रंका भरायच्या. पोलीस शिपायाच्या घरात बदल्यांतच वाढलेल्या राण्यांना हे नवे नव्हते. घरची बाजू सांभाळणाऱ्या बायकांची नोंद कुठल्याच मानपत्रात होत नाही.

अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत पाच वेळा युद्धवृत्तांत त्यांचा खास उल्लेख झाला. मेजर म्हणून निवृत्त झालेले राणे ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात वारले. भारतीय नौवहन महामंडळाने त्यांच्या हयातीतच एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले होते. कारवारला युद्धनौका संग्रहालयाजवळ त्यांचा पुतळा आहे आणि २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमानातल्या ज्या एकवीस बेटांना परमवीरांची नावे दिली गेली, त्यांपैकी एक राणे द्वीप आहे.