जस्तात काही मिनिटं, मग इतके दिवस कशाला?

शेडचे खांब कापून, वेल्ड करून तयार झाले की खामगाव-मलकापूरकडचा मालक फॅब्रिकेटरला विचारतो, ‘आता नुसतं जस्तात बुडवून आणायचं ना? मग उद्या-परवा होईल.’ बुडवण्यापुरतं त्याचं बरोबर आहे. वितळलेल्या जस्ताच्या हौदात लोखंड काही मिनिटंच असतं. दिवस जातात ते त्याच्या आधी आणि नंतर, आणि त्यातले बरेचसे वाचवणं आपल्याच वर्कशॉपच्या हातात असतं.

जस्त ४१९.५ अंश सेल्सिअसला वितळतं. हौद साधारण ४५० अंशांवर ठेवतात आणि तो रात्रंदिवस तापताच असतो. वाट पाहावी लागते ती लोखंड स्वच्छ होण्याची. आधी तेल-वंगण काढायचं, मग हायड्रोक्लोरिक आम्लात गंज आणि रोलिंगची काळी खपली उतरवायची, धुवायचं, झिंक अमोनियम क्लोराइडच्या फ्लक्समधून काढायचं, वाळवायचं. आम्लात किती वेळ, हे गंज ठरवतो. नवा अँगल लवकर निघतो, दोन पावसाळे उघड्यावर पडलेला कितीतरी जास्त वेळ मागतो. इथे घाई चालत नाही. जस्त लोखंडावर नुसतं चिकटत नाही, त्याच्याशी संयोग पावून मिश्रधातूचे थर तयार करतं. घाण राहिली तिथे काळा डाग उघडा पडतो आणि तो नग पुन्हा पहिल्यापासून. शिवाय आम्ल गंज खातं, ऑइलपेंट आणि वेल्डिंगचा स्लॅग खात नाही. खांबांवर रंगाने नंबर टाकलेले असले, तर ते कुणाला तरी घासत बसावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट होलांची. पाइपाची दोन्ही तोंडं प्लेट लावून बंद केली आणि आत ओल राहिली, तर ४५० अंशांत तिची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. पाइप फुटतो, जस्त उडतं आणि हौदाजवळच्या कामगाराच्या जिवावर बेततं. हवा बाहेर पडायला आणि जस्त निथळायला होल नसलेला माल म्हणूनच गॅल्व्हनायझिंगचा कारखाना बाजूला काढून ठेवतो. मग फोन, ड्रिलिंग आणि पुन्हा रांग. कापतानाच होल मारली असती तर यातलं काहीच लागलं नसतं.

तसंच लांबीचं. हौदापेक्षा लांब खांब एकदा एका टोकाने, एकदा दुसऱ्या टोकाने बुडवावा लागतो. लांबी त्याहूनही जास्त असली तर तो कापून जोडायला परत येतो. मालाच्या प्रकारानेही वेळ बदलतो. नागपूरजवळ बुटीबोरीत केईसी कंपनी विजेचे मनोरे बनवते. मनोऱ्यांच्या कामात एकाच मापाचे अँगल एकामागून एक टांगता येतात. आपल्या शेडच्या कामात जाड बेसप्लेट, पातळ पाइप, बोल्ट असं सगळं एकत्र. प्रत्येकाला वेगळा वेळ, बोल्ट तर निराळेच फिरवून काढावे लागतात. थोडका माल लांब पाठवायचा तर भाडं परवडावं म्हणून गाडी भरेपर्यंत थांबावं लागतं, ते दिवस आणखी वेगळे.

एवढा खटाटोप कशासाठी? गंज रोखणाऱ्या थरासाठी. भारतीय मानक आयएस ४७५९ प्रमाणे ५ मिलिमीटर आणि त्याहून जाड लोखंडावर दर चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त हवं. थर भरतो सुमारे ८५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्साही नाही, पण मोकळ्या हवेत तो अनेक वर्षं टिकतो. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात मात्र खारट माती गाडलेल्या भागावरचं जस्तही लवकर खाते. तिथे पाया जमिनीच्या वर काढलेल्या काँक्रीटमध्येच घ्यावा.

माल परत आल्यावरही जपावं लागतं. जून-जुलैत ताजे खांब एकमेकांना चिकटवून ताडपत्रीखाली दाबले, तर अडकलेल्या पाण्याने पांढरी भुकटी धरते. मधे लाकडी पट्ट्या घालाव्यात, एक टोक उचलून ठेवावं, वारं खेळू द्यावं. आणि साइटवर उंची जुळेना म्हणून खांब वेल्ड केला की तिथलं जस्त जळून जातं. आयएसओ १४६१ हे मानक कारखान्यालासुद्धा एकूण पृष्ठभागाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतच दुरुस्तीची मुभा देतं. साइटवरच्या वेल्डवर मात्र घासून झिंक-रिच रंग लावण्यावाचून दुसरा इलाज उरत नाही.