शाळेचा ताळेबंद

उन्हाळी सुट्टी लागली की व्यापारी कुटुंबांतून एकच प्रश्न चर्चिला जातो : मुलांना कोणत्या शाळेत घालावे? तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेची वा नगरपरिषदेची शाळा असते, एखाद्या संस्थेची अनुदानित शाळा असते आणि अलीकडे इंग्रजी माध्यमाची खासगी शाळाही असते. तुलना मात्र बहुधा शुल्क, इमारत आणि बस यांपाशीच थांबते. बँकेत कर्जप्रकरण तपासताना आम्ही दुकानाच्या पाटीवर विसंबत नसू. मालाचा साठा आणि खतावणी पाहत असू. शाळेलाही तोच न्याय लावावा.

पहिली नोंद पटसंख्या व शिक्षक यांची. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० मुलांना तीन आणि ९१ ते १२० मुलांना चार शिक्षक हवेत. अर्थात २८ मुलांच्या शाळेत एका शिक्षकाकडे १४ मुले येतात. परंतु दोघांनाच पाच इयत्ता सांभाळाव्या लागतात. जमेची बाजू पाहताना ही नावेची बाजूही पाहावी. रिक्त पदे किती आणि शिक्षकांचे किती दिवस शाळाबाह्य कामांत जातात, हेही विचारावे.

दुसरी नोंद प्रत्यक्ष शिक्षणाची. तिसरीतील मुलाला न वाचलेला उतारा वाचावयास द्यावा, हातच्याची वजाबाकी घालावी. इमारत कितीही देखणी असो, खरा साठा येथेच कळतो.

तिसरी नोंद व्यवस्थापनाची. सरकारी व अनुदानित शाळांत कायद्याने व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. समितीच्या सभा वेळेवर होतात काय, माता तेथे बोलतात काय, हे पाहावे. खासगी विनाअनुदानित शाळेवर अशा समितीचे बंधन नाही.

या तुलनेत एक गोष्ट आपल्या ध्यानात सहसा येत नाही. पटावर ६१ मुले असताना तीन शिक्षक. त्यांतून एक मूल गेले की कायद्याच्या हिशेबाने दोनच उरतात. आपले मूल आपण काढून घेतो, तेव्हा आपल्याच पेढीवरील हमालाच्या आणि दिवाणजींच्या मुलांचा शिक्षक कमी होण्याची वेळ येते. शाळेला पंखे व घड्याळे देणारे दाते आपल्या समाजात पुष्कळ आहेत. पण पंख्यांनी शिक्षकांची पदे मंजूर होत नाहीत. ती पटसंख्येवर ठरतात.

सरकारी शाळाच निवडावी, असा आग्रह नाही. तपासणीत ती उणी ठरली, तर दुसरी निवडण्याचा अधिकार प्रत्येक पालकास आहे. परंतु प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी, शाळा सुरू असताना, कामकाजाच्या एखाद्या साध्या दिवशी गावातील तिन्ही शाळांत तासभर बसून यावे. माल न पाहता सौदा करणे आपल्या व्यवसायात बसत नाही. मुलांच्या शिक्षणाबाबतही ते बसू नये.