व्यवसायातील संगणक आणि हेर आज्ञावली

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातले लोंढा हे रेल्वेच्या तिठ्याचे गाव. मिरज, हुबळी आणि गोवा या तीन दिशांचे लोहमार्ग येथे मिळतात. अशा गावातील झेरॉक्सचे वा ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान केवळ दुकान राहात नाही. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमिनीच्या उताऱ्यासाठी, विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी, वृद्ध निवृत्तिवेतनासाठी तेथे येतात व आपला आधार क्रमांक, बँकेचे पासबुक, प्रसंगी परवलीचा शब्दही दुकानदाराच्या हाती विश्वासाने देतात. साहजिकच, अशा एका संगणकात शिरलेला चोर एका दुकानात शिरलेला नसतो. तो अनेक घरांत शिरलेला असतो.

हा चोर दोन रूपांनी येतो. पहिले रूप अॅडवेअरचे, म्हणजे मालकाची इच्छा नसता पडद्यावर जाहिराती आणून त्यावर पैसा मिळविणाऱ्या आज्ञावलीचे. दुसरे रूप स्पायवेअरचे, म्हणजे हेर आज्ञावलीचे. ही गुपचूप बसून कळफलकावर दाबलेली अक्षरे, उघडलेली पाने व साठविलेले परवलीचे शब्द टिपते आणि दूरवर कोठेतरी पाठवून देते. पहिली त्रासदायक आणि दुसरी धोकादायक, असा भेद पुष्कळजण करतात. तो फार विश्वासार्ह नाही.

तो का नाही, हे दोन घटनांवरून स्पष्ट होईल. लेनोव्हो कंपनीच्या काही लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' नावाची जाहिरातींची आज्ञावली विक्रीपूर्वीच बसविलेली होती. जाहिराती दाखविता याव्यात म्हणून ती बँकेसारख्या संकेतस्थळाशी होणारा सुरक्षित संवाद मध्येच उघडत असे, आणि त्यासाठी वापरलेली किल्ली सर्व संगणकांत एकच होती. २०१५ च्या फेब्रुवारीत हा प्रकार उघड झाला, तेव्हा ती किल्ली ज्याच्या हाती पडेल त्यास हे व्यवहार चोरून पाहता येतील, हे ध्यानी आले. २०१७ साली चेक पॉइंट या संस्थेने 'फायरबॉल' या अॅडवेअरचा अहवाल प्रसिद्ध केला. बाधित संगणकांची सर्वाधिक संख्या भारतात, अडीच कोटींहून अधिक, असल्याचा अंदाज त्यात होता. मायक्रोसॉफ्टने हे आकडे फुगलेले असल्याचे म्हटले. परंतु ही आज्ञावली ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलण्यापुरती मर्यादित नसून संगणकावर हवी ती अन्य आज्ञावली उतरवू शकते, हा मुद्दा गंभीरच होता.

शिरकाव कोठून होतो?

बहुतांश वेळा दार आतूनच उघडले जाते. सीमाभागातील दुकानदारास मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत टंकलेखन करावे लागते. ग्राहक समोर उभा असतो, हवा तो टंक मिळत नाही, आणि मग महाजालावर 'मोफत फॉन्ट' शोधून जे पहिले पान उघडेल त्यावरून तो उतरविला जातो. त्यासोबत आणखी दोन-तीन आज्ञावल्या येतात. 'नेक्स्ट' हे बटण न वाचता दाबणाऱ्यास त्यांचा पत्ताही लागत नाही. पृष्ठमांडणीच्या महागड्या आज्ञावलीची 'क्रॅक' केलेली प्रत हा तर याहून वाईट मार्ग. अशी प्रत बसविताना संरक्षक आज्ञावली बंद ठेवावयास सांगितले जाते, आणि दुकानदार ती बंद करतोही! वस्तुतः विंडोजमध्ये मराठी व कन्नड कळफलक अंगभूतच असतात. कर्नाटक शासनाची 'नुडी' ही कन्नड आज्ञावलीही विनामूल्य आहे. मात्र ती अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावयास हवी.

दुसरे दार अधिक फसवे आहे. एखादे संकेतस्थळ सूचना पाठविण्याची अनुमती मागते, घाईत 'अलाऊ' दाबले जाते, आणि त्या दिवसापासून पडद्याच्या कोपऱ्यात 'आपला संगणक बाधित आहे, या क्रमांकावर दूरध्वनी करा' असे इशारे झळकू लागतात. हा क्रमांक भामट्यांचा असतो. त्यावर दूरध्वनी न करता ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती अनुमती काढून टाकावी. बहुधा तेवढ्याने उपद्रव थांबतो.

संरक्षणाची व्यवस्था

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जुन्या संगणकांवर बँकेचे व्यवहार करणाऱ्यांनी याची दखल घ्यावी. नव्या आवृत्तीत 'डिफेंडर' ही संरक्षक आज्ञावली अंगभूत असते. तीत नको असलेल्या आज्ञावल्या रोखण्याची सोय आहे, ती चालू आहे ना हे पाहावे. वेगळी आज्ञावली विकत घेणाऱ्यांस देशी पर्यायही उपलब्ध आहेत. कैलास व संजय काटकर या बंधूंनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात करून उभारलेली क्विक हील ही संस्था त्यांपैकी एक होय.

दैनंदिन कामासाठी प्रशासकाचे सर्वाधिकार असलेले खाते वापरू नये. साधे खाते वापरल्यास नवी आज्ञावली बसविताना परवलीचा शब्द विचारला जातो व चुकीला आळा बसतो. ग्राहकाचा पेन ड्राइव्ह तपासल्याविना उघडू नये. पैशाच्या व्यवहाराचा संगणक आणि छपाईचा संगणक वेगळे ठेवणे शक्य असल्यास उत्तमच. ग्राहकांची कागदपत्रे 'डाऊनलोड' कप्प्यात महिनोन् महिने पडून राहतात, ती दररोज सायंकाळी पुसून टाकावीत. जे संगणकात नाही, ते हेराला नेता येत नाही. ग्रामस्थांनीही जेथे चालेल तेथे पहिले आठ अंक झाकलेली आधारची प्रत द्यावी. ब्राउझर परवलीचा शब्द जतन करू काय, असे विचारील, तेव्हा दुकानातील संगणकावर नकार द्यावा, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांस आवर्जून सांगावे.

बाधा झाल्याचा संशय येताच प्रथम इंटरनेटची जोडणी तोडावी, आणि परवलीचे शब्द त्या संगणकावरून नव्हे, तर दुसऱ्या सुरक्षित साधनावरून बदलावेत. केंद्र शासनाच्या 'सायबर स्वच्छता केंद्र' या संकेतस्थळावर सफाईची साधने विनामूल्य मिळतात. हे केंद्र २०१७ साली सुरू झाले. खात्यातून रक्कम गेली असल्यास बँकेस कळवून १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. रक्कम पुढील खात्यांत सरकण्यापूर्वी गोठविली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. म्हणून हा क्रमांक दुकानाच्या भिंतीवर, ग्राहकांस दिसेल असा, लिहून ठेवावा.