तारा तुटल्यावर : हौशी बिनतारी चालकांचे कार्य

जबलपूर शहराला लागून असलेली मदन महलची टेकडी ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांसाठी प्रसिद्ध आहे. माथ्यावर गोंड राजवटीतील लहानशी गढी असून, तिच्या परिसरात एक भली मोठी शिळा दुसरीवर अगदी थोडक्या जागेत टेकलेली दिसते. २२ मे १९९७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी जबलपूरला ५.८ प्रतीच्या भूकंपाचा धक्का बसला. सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर त्याचा उगम होता. सुमारे चाळीस माणसे दगावली, हजारो घरांची हानी झाली. ती शिळा मात्र जागची हलली नाही. या भूकंपाची वेळ वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

अशा प्रसंगी अन्नवस्त्रांच्याही आधी बातमी पोहोचावी लागते. कोठे डॉक्टर हवेत आणि कोणता रस्ता बंद आहे, हे कळल्यावाचून मदत आंधळी ठरते. दूरध्वनीची साखळी तारा, केंद्रे व वीजपुरवठा यांवर अवलंबून असते. भ्रमणध्वनीचे मनोरेही विजेवरच चालतात, आणि सर्व लोक एकाच वेळी बोलू लागले की शाबूत मनोराही निकामी झाल्यासारखा होतो. येथे हौशी बिनतारी चालकांचा, म्हणजे ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात त्यांचा, उपयोग होतो. शिक्षक, कारागीर, विद्यार्थी अशी ही साधी माणसे. सरकारी परीक्षा देऊन ती परवाना मिळवतात आणि मोबदला न घेता काम करतात. भारतात त्यांच्यासाठी १९७८ साली नियमावली झाली. बारा वर्षांच्या मुलालाही परीक्षेस बसण्याची मुभा आहे.

चालकाजवळ प्रेषक व ग्राहक मिळून एक संच, मोटारीची बॅटरी आणि तार एवढेच असते. मधल्या कोणत्याही केंद्राची त्याला गरज नाही. पण लहर कोणत्या मार्गाने जाते, हे त्याला नेमके ठाऊक असावे लागते. सेकंदाला सुमारे १४५ दशलक्ष आंदोलने करणाऱ्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मदन महलच्या माथ्यावर संच ठेवला तर खालचे शहर त्याच्या टप्प्यात येते. टेकडीच्या आडोशाला बसलेल्याला मात्र पलीकडचे ऐकू येणे कठीण. नागपूर तर सुमारे अडीचशे किलोमीटर दूर, आणि मध्ये सातपुडा आडवा पसरलेला.

डोंगर ओलांडण्यासाठी आकाशाचा आधार घ्यावा लागतो. सूर्यकिरणांमुळे वातावरणाच्या उंच थरांतील वायूंचे कण विद्युत्भारित होतात. या आयनांबरावर सेकंदाला ७० लक्ष आंदोलनांची लहर सोडली, तर दिवसा ती परतून खाली येते. अशा लहरीची लांबी सुमारे ४२ मीटर भरते. तिच्या निम्म्या लांबीची, म्हणजे सुमारे २० मीटरांची तार दोन झाडांना बांधली की एरियल तयार झाले. ही तार जमिनीपासून पाच-सहा मीटरच उंच असली, तर लहरी बव्हंशी सरळ वर जातात आणि छत्रीसारख्या चोहीकडे उतरतात. परदेशाशी बोलताना हा दोषच; जिल्ह्याजिल्ह्यांशी बोलायचे असता तोच गुण ठरतो.

मात्र सूर्य मावळला की आयनांबर विरळ होऊ लागते आणि पहाटेच्या सुमारास ते सर्वांत दुर्बळ असते. मग हीच लहर सरळ वर गेली तर आयनांबर भेदून निघून जाते; तिरपी गेलेली तेवढी परतते, पण दूरच्या प्रदेशात. जबलपूरचा भूकंप नेमक्या अशा वेळी झाला. तत्पूर्वी ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा झाला, तोही पहाटे चारच्या सुमारास. अशा घडीला चालकाने निम्म्या कंप्रतेवर यावे, तारेची लांबी दुप्पट करावी. तेवढी जागा नसेल तर नागपूरचा निरोप एखाद्या दूरच्या चालकामार्फत फिरवून घ्यावा. ही सवय संकट आल्यावर शिकता येत नाही. म्हणून हौशी मंडळी ठरल्या वेळी रोज एकत्र येऊन नुसती हजेरी घेतात. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटतो.

शिस्त बोलण्यातही लागते. एक केंद्र नियंत्रक होते; त्याच्या आज्ञेवाचून कोणी बोलत नाही. निरोपाला क्रमांक व वेळ देतात, शब्द मोजतात आणि घेणारा तो वाचून दाखवतो. ‘पाटण’ एवढेच सांगून भागत नाही : पाटण साताऱ्यात आहे, गुजरातेत आहे, आणि पाटन जबलपूर जिल्ह्यातही आहे. बॅटरीचाही हिशेब ठेवावा लागतो. शंभर वॉटांच्या संचाला ऐकताना एखादा अँपिअर पुरतो, बोलताना वीसपर्यंत लागतात; तेव्हा मितभाषी चालकाचे केंद्र अधिक काळ चालते.

किल्लारी आणि २००१ चा कच्छचा भूकंप या दोन्ही प्रसंगी हौशी चालकांनी निरोप पोहोचवले. सर्वांत बोलके उदाहरण अंदमानचे. तेथे १९८७ पासून हौशी प्रक्षेपण बंद होते. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद परवानगी मिळवून पोर्ट ब्लेअरला गेल्या. दूरदेशीच्या चालकांशी संपर्क साधणे एवढाच त्या मोहिमेचा हेतू होता. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली. तोच संच, तीच तार मग बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीला कळवण्याच्या कामी आली. पुढे कार निकोबारवरही असे केंद्र उभे राहिले, आणि मुख्य भूमीवरील चालक रात्रंदिवस कान लावून ते निरोप टिपून घेत राहिले.