८० दिवसांचा कागद जपा

रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे रोजंदारीवर जाणाऱ्या आदिवासी भगिनींनो, बाळंतपणाची पगारी रजा केवळ कायम नोकरीवाल्यांसाठी नाही. रोजंदारीवरील स्त्रियांनाही तो हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले.

प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे. मग पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, पुढे १२ आठवडे रजा मिळते. दिवस गेले म्हणून कामावरून काढले, तरी हा लाभ बुडत नाही. प्रसूती जवळ आल्यावर तिने मागणी केली, तर जड काम देता येत नाही.

अडते ते पुराव्यावाचून. वाचकहो, ओळखीच्या भगिनीला हजेरी कार्ड व पगारचिठ्ठी जपायला सांगा, अर्ज लिहून द्या आणि त्याची पोच घ्यायला लावा.