ताप आला की विचारा, उंदीर धरायला गेला होतात का?

भातकापणी उरकली की रायगड, ठाणे, पालघरकडचे कातकरी बांधावर उंदरांची बिळे हुडकतात. इतर तोंडे बुजवून एका तोंडातून धूर द्यायचा, नाहीतर कुदळीने खणायचे. उंदीर मिळतो, त्याने साठवलेले भातही मिळते. ससा, घोरपड धरणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मजुरीवर जगणाऱ्या घराला मटण रोज परवडत नाही. मग उरतो उंदीर.

बिहारचे मुसहर हेच करतात. त्यांचे नावच उंदरावरून पडले आणि ते शिवीसारखे वापरले जाते. अरुणाचलातल्या आदी लोकांत मात्र उन्यिंग-अरान सणाला उंदीर भेट म्हणून देतात. व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात शेतातले उंदीर बाजारात विकतात. घानामध्ये गवतात राहणाऱ्या मोठ्या उंदराचे मांस गोमांसापेक्षा महाग असते. तिथे मान, इथे विटाळ! कोण काय खातो यावरून माणूस हलका कसा ठरवला गेला, हे बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात दाखवले आहे.

हा विटाळ जिवावर कसा बेततो, ते आम्ही एका वाडीवरच्या शिबिरात पाहिले. एक दादा तापाने फणफणले होते. डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखत की उभे राहवेना. दवाखान्यातून तापाच्या गोळ्या घेऊन चार दिवस झाले होते. उंदीर धरल्याचे तिथे सांगितले नाही, कारण मागे एकदा सांगितले तेव्हा बाईंनी नाक मुरडले होते. आम्हीही आधी विचारले नाही, हे कबूल केले पाहिजे. त्यांच्या बायकोने हळूच सांगितले तेव्हा लेप्टोची शंका आली आणि त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवले. ते वाचले.

लेप्टोचे जंतू उंदराच्या लघवीत असतात. ओल्या मातीतून, हातापायांच्या जखमांतून ते शिरतात. नीट शिजलेल्या मांसात ते मरतात. धोका आहे खणताना आणि साफ करताना. पायात गमबूट, जखमेवर पट्टी, आतडी काढताना हातात प्लास्टिकची पिशवी आणि नंतर साबण, एवढे तरी हवे. शेतकऱ्याने उंदराचे औषध घातले असेल त्या शेतातला उंदीर, आणि कुठलाही आपोआप मेलेला उंदीर, खाऊ नये. ते विष शिजवून जात नाही.

प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे शील आम्ही रोज म्हणतो. पण ताटात डाळ नसलेल्या घरी जाऊन ते ऐकवायला आमची जीभ रेटत नाही.

लेप्टोवर डॉक्सीसायक्लिन, पेनिसिलिन आहे. लवकर मिळाले तर मूत्रपिंडे वाचतात. म्हणून कापणीच्या दिवसांत तापाचा माणूस आला, तर आशाताईंनी आणि परिचारिकांनी तोंड वाकडे न करता विचारावे, “दादा, गेल्या दोन-तीन आठवड्यांत बिळे खणलीत का?” आणि डॉक्टरांच्या कागदावर ते लिहून द्यावे.