छोट्या मुलखांचा फुटबॉल – लेखांक ४ : माणसं किती, सामने किती?

फुटबॉलमध्ये आपलं नाव का नाही, याचं खानदेशात सर्रास दिलं जाणारं उत्तर म्हणजे ‘आपला मुलूख लहान’. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्हा ४२ लाखांचा होता, धुळे साडेवीस लाखांचा. अख्खा गोवा मात्र साडेचौदा लाखांचा, म्हणजे एकट्या धुळ्याहूनही लहान. तरीही २००७ मध्ये आय-लीग सुरू झाल्यावर तिची पहिली सहाही विजेतेपदं डेम्पो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या गोव्याच्या तीन क्लबांकडे गेली. ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स असे भारताकडून खेळलेले गडी याच चिमूटभर प्रदेशातले. तेव्हा अडतं ते डोक्यांच्या संख्येवर नाही. एका पोराला वर्षभरात चुरशीचे सामने किती मिळतात, यावर सगळं ठरतं. गोव्यात भातकापणी झालेल्या शेतातल्या गावस्पर्धांपासून गोवा फुटबॉल असोसिएशनच्या श्रेणीवार लीगपर्यंत चढत जाणारी शिडी आहे. आपल्याकडे पोरगं आंतरशालेय स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलं, की त्याचं वर्ष तिथंच संपतं.

यावर कुणी म्हणेल, गोव्याला पोर्तुगीजांचा वारसा होता. (तिथं १८८३ मध्ये शिवोलीला हा खेळ रुजवल्याचं श्रेय मात्र फादर लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूला दिलं जातं!) वारशाचं वजन नाकारण्यात अर्थ नाही, पण भूतानकडे तोही नव्हता. लोकसंख्या आठ लाखांच्या आत आणि राष्ट्रीय खेळ तिरंदाजी. २००० मध्ये कुवेतनं या संघावर २० गोल चढवले. मार्च २०१५ मध्ये, जागतिक क्रमवारीत तळाला असताना, याच भूताननं विश्वचषक पात्रता फेरीत श्रीलंकेला कोलंबोत १-० आणि थिंफूत २-१ असं हरवलं. जगभर कौतुक झालं. त्याच वर्षी कतारनं त्यांना १५-० नं धुतलं. एक फेरी जिंकल्यानं संघ घडत नाही, हे त्या स्कोअरनं दाखवलं. थिंफूतले दोन्ही गोल चेंचो ग्येलत्शेनचे. तो पुढे थायलंडमध्ये आणि मग भारतात खेळायला गेला, मिनर्व्हा पंजाबसोबत २०१७-१८ ची आय-लीग जिंकला. घरी न मिळणारी चुरस त्यानं बाहेर जाऊन मिळवली.

पैशाचा आक्षेप जास्त खरा आहे. डेम्पो आणि साळगावकर यांच्या मागं खाण-उद्योगाची घराणी होती, आणि २०१६ मध्ये महासंघाच्या धोरणावर नाराज होऊन हे दोन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले तेव्हा गोव्याच्या फुटबॉलला मोठा धक्का बसला. पण तो वरच्या मजल्याचा खर्च झाला. तालुका पातळीवरच्या लीगला खाणमालक लागत नाही. मैदान, पंच, प्रवासखर्च आणि न चुकणारं वेळापत्रक लागतं. जळगाव जिल्ह्यात १५ तालुके, धुळ्यात ४. तालुक्याला एक संघ धरला आणि प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं ठरवलं, तर एका संघाला मोसमात १८ सामने मिळतात. अडचण आहे ती हवामानाची. पावसाळ्यात काळ्या मातीत बूट रुततो आणि एप्रिल-मेच्या उन्हात पोरांना दुपारी पळवणं धोक्याचं. उरतात दिवाळी ते होळीचे महिने, आणि त्यांतल्या पहिल्या निम्म्यात कापूस वेचणीला घरोघरी हात हवे असतात. म्हणून सामने रविवारी सकाळीच लावावे लागतील, आणि तेही शेजारच्या तालुक्यांचे गट पाडून, नाहीतर साक्रीच्या पोरांचा अख्खा रविवार रावेरला जाण्या-येण्यातच जाईल.

पुढच्या आठवड्यात कोल्हापूर : तालमींचे संघ आणि भरलेलं शाहू स्टेडियम असूनही भारतीय संघात तिथले खेळाडू इतके कमी का?